दाखल्यात ‘बाणाचे’ हा एक शब्द घालून मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान डॉ. नारायण विठ्ठल कोठावदे,
मुख्य शल्यवैद्य, कै. यशोदाबाई धर्मार्थ रुग्णालय,
धुळे, जिल्हा पश्चिम खानदेश.
(साहेबांनी स्वहस्ते उघडावे. कचेरीतील कारकुनाने उघडू नये. उघडल्यास निदान शेवटपर्यंत वाचावे.)

अर्जदार : पुरुषोत्तम हरी निफाडकर, विद्यावर्धक मंडळीच्या मराठी शाळेचा हेडमास्तर (सध्या कामावरून दूर), राहणार दोंडाईचे.

विषय : अर्जदाराच्या डोक्यासंबंधीच्या दाखल्यातील गाळलेला शब्द भरून मिळणेबाबत. अर्ज चौथा.

संदर्भ : १) आपला दाखला, ता. २१ मे १९३७. २) मंडळीचा हुकूम, ता. ७ जून १९३७. ३) आपल्या कचेरीची उत्तरे तीन, ज्यांचा परामर्श कलम ८ मध्ये घेतला आहे.

महोदय,

१. गतवर्षी चैत्रात अर्जदाराच्या डोक्यात बाण शिरला, तो आपण काढला आणि अर्जदार जगला. या तिहींपैकी कशाबद्दलही अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार आहे ती एका शब्दाची. आपण दिलेल्या दाखल्यात पुढील मजकूर आहे : “दाखला देण्यात येतो की, रा. निफाडकर मास्तर यांच्यावरील शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली असून त्यांच्या डोक्यात आता काहीही शिल्लक राहिलेले नाही. सबब शिक्षकाच्या कामावर रुजू होण्यास ते पात्र आहेत.” साहेबांनी ही दोन वाक्ये एका श्वासात वाचून पाहावीत. त्यांतील ‘सबब’ या अव्ययाने अर्जदाराचाच नव्हे, तर सबंध शिक्षकवर्गाचा घात केला आहे.

२. ‘काहीही’ या शब्दापूर्वी ‘बाणाचे’ असे हवे होते. ते नसल्यामुळे अर्जदार सात महिने घरी बसून आहे. येत्या १७ जानेवारीस मंडळीची सभा भरणार असून तीत दुरुस्त दाखला पुढे न आल्यास अर्जदाराची जागा कायमची दुसऱ्यास दिली जाईल. फायनलच्या परीक्षेस बसणारी अकरा मुले आहेत. त्यांचे वाक्यपृथक्करण अर्जदाराने संयुक्त वाक्यापर्यंत आणून सोडले, ते आजही तेथेच उभे आहे. बदली आलेल्या शिक्षकाने त्यांस असे सांगितले आहे की, विशेष्य नसले तरी विशेषणाचे भागते. आणि उदाहरण म्हणून आपला दाखला फळ्यावर लिहिला आहे. अर्जदार बाण सहन करू शकला; हे उदाहरण मात्र त्यास सहन होत नाही.

३. घटना कशी घडली, याविषयी बाजारात अनेक पाठभेद प्रचलित असल्याने मूळ पाठ येथे नमूद करतो. मंडळीच्या आज्ञेवरून शाखा-शाळेस जागा पाहण्यासाठी अर्जदार ता. ११ एप्रिल १९३७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी आंबापाटी या गावी गेला होता. जागा पाहून झाल्यावर एका शेताच्या बांधावर उभा राहून तो टिपण करीत होता. तेच शेत राखणारा खाज्या नावाचा शेतकरी भुईमूग उकरणाऱ्या रानडुकरावर नेम धरून होता. डुकराने दिशा बदलली व ते अर्जदाराच्या बाजूस वळले. बाण सुटण्यापूर्वी खाज्याने वेळेवर व स्पष्ट आवाजात दोन वेळा इशारा दिला : “बठा! बठा!”

अर्जदार मूळचा निफाडकडील. खानदेशात एकोणीस वर्षे काढूनही त्याच्या कानाला एक खोड राहिली होती, ती येथे भोवली. इकडच्या बोलीत ‘बठा’ म्हणजे ‘बसा’, आणि ‘बठ्ठा’ म्हणजे ‘सगळा’. अर्जदाराने ‘बठ्ठा’ ऐकले. ‘सगळा, सगळा’ असे कोणी दोनदा ओरडून सांगतो, तर सगळा काय, हे विचारणे शिक्षकाचे कर्तव्य होय. सबब अर्जदार बसण्याऐवजी टाचा उंचावून अधिकच उभा राहिला व त्याने मोठ्याने विचारले, “विशेष्य कोणते?” उत्तरादाखल बाण आला. तो डाव्या कानाच्या वर चार बोटे व किंचित पुढे, असा शिरला.

खाज्याने पाटलासमोर दिलेली जबानी शब्दशः अशी : “मी ‘बठा’ म्हनं, ते मास्तर आखो उभा ऱ्हायनात! बानले काय समजस, मास्तर शे का डुक्कर शे?” या जबानीत अर्जदारास एकही चूक सापडलेली नाही. खाज्याविरुद्ध फिर्याद करण्याचा सल्ला अनेकांनी दिला. परंतु ज्याने क्रियापद अचूक वापरले त्याच्यावर, ते चुकीचे ऐकणाऱ्याने फिर्याद करावी, हे अर्जदाराच्या तत्त्वात बसत नाही.

४. गावातील चौघे धावून आले व त्यांतील दोघांनी बाण धरून ओढण्याची तयारी केली. त्या वेळी खाज्याची आई गुंताबाई हातातली पाटी टाकून मध्ये पडली. तिचे शब्द अर्जदारास पूर्ण शुद्धीवर ऐकू आले : “हात लावू नका रे! बूच शे ते! बूच काढं का बठ्ठं रगत बाहेर यी!” (या खेपेस ‘बठ्ठं’ म्हणजे सगळेच, हे अर्जदारास तत्काळ उमगले, आणि ‘रगत’ हे विशेष्यही जागेवर होते.) पुढे आपणच वॉर्डात सांगितलेत की, रुतलेले शस्त्र घटनास्थळी उपटले असते तर आतली फाटलेली शीर मोकळी होऊन अर्जदार तापीच्या अलीकडेच संपला असता. महायुद्धात मेसोपोटेमियाच्या छावणीत आपण ही गोष्ट पुष्कळ जिवांची किंमत देऊन शिकलात, असेही आपण म्हणालात. गुंताबाई ती तेलाच्या बुधल्यावरून शिकली होती. बाणाची काठी न हलवता तिने ती दोन्ही मुठींत घट्ट आवळून धरली आणि खाज्याने सुरीने वीतभर ठेवून बाकीची कापली. मग बैलगाडीत गवताच्या पेंढ्यांवर डोके थोडे उंच ठेवून अर्जदारास शिरपुरापर्यंत व तेथून मोटारीने धुळ्यास आणण्यात आले. वाटेत खड्डा आला की गुंताबाई गाडीवानास अशा काही संबोधन विभक्ती लावीत असे की, त्या या अर्जात लिहिणे प्रशस्त नाही.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शस्त्रक्रिया झाली. ती आपणच केलीत, तेव्हा तिचे वर्णन आपणांस ऐकवणे धाडसाचे होय. परंतु त्या वेळी आपण डोक्याच्या बाहेरून पाहत होता व अर्जदार आतून उपस्थित होता, म्हणून त्याची साक्षही नोंदली जावी. डोक्याचा संपूर्ण गोटा करण्यात आला, आयोडीन फासण्यात आले आणि बधिर करणारे औषध टोचून केवळ कातडी झोपवण्यात आली. अर्जदारास जागे ठेवण्यात आले. आपण म्हणालात, “मास्तर, बोलत राहा. तुम्ही गप्प बसलात की मला कळणार नाही, मी कुठे आलो.” अर्जदाराने विचारले, काय बोलू? आपण म्हणालात, “एरवी विचारावं लागतं का तुम्हांला?” परिचारक चिंधा या वेळी हसला. ते अर्जदाराने मनावर घेतले नाही.

अर्जदाराने विभक्ती चालवण्यास घेतल्या व प्रसंगास अनुसरून ‘बाण’ हाच शब्द निवडला. आपण जखमेभोवतीचे मळके मांस कापून टाकत होता, तेव्हा प्रथमा झाली. बाण न हलवता त्याच्या भोवतीचे हाड चिमट्याने कुरतडून भोक सुपारीएवढे केलेत, तोवर द्वितीया व तृतीया आटोपल्या. कुरतडण्याचा आवाज उंदीर फडताळात शिरल्यासारखा येत होता. हाडाच्या आत गेलेल्या कपच्या एकेक करून वेचल्या, त्या चिंधाने मोठ्याने मोजल्या. सात भरल्या. चतुर्थी, पंचमी. नंतर आपण टोकास चिमटा लावलात आणि ज्या वाटेने ते आत आले त्याच वाटेने सरळ मागे घेऊ लागलात. अर्जदार षष्ठीवर आला, आणि षष्ठी नव्हती.

महोदय, ती विसरली नव्हती; विसरलेली गोष्ट जिभेवर घोळते. हिची जागाच रिकामी होती. अर्जदार “बाण... बाण...” एवढेच म्हणत राहिला. आपला हात तत्क्षणी थांबला. आपण चिमटा रेसभर उजवीकडे घेतलात आणि अत्यंत हळू आवाजात, एरवी आपल्या तोंडी न येणाऱ्या आदराने, विचारलेत, “आणि आता, गुरुजी?” अर्जदार म्हणाला, “बाणाचे.” त्याच शब्दाबरोबर टोक बाहेर आले व चिंधाच्या वाटीत वाजले. आपण मास्क लावलेल्या अवस्थेत हसलात व म्हणालात, “नपुंसकलिंग. चालेल.”

पुढे आपण रबरी नळीने व पिचकारीने तो मार्ग कोमट मिठाच्या पाण्याने धुतलात, आत कपची, केस वा काठीची कुसळे उरली नाहीत याची खात्री केलीत आणि मेंदूवरील फाटलेल्या पडद्यास अर्जदाराच्याच उजव्या मांडीतून काढलेल्या पातळ आवरणाचे ठिगळ लावून कातडी घट्ट शिवलीत. या शेवटच्या बाबीकडे कलम ९ मध्ये पुन्हा यावे लागेल.

६. सत्य लपवणे हा अर्जदाराचा स्वभाव नसल्याने हेही कळवतो की, शस्त्रक्रियेनंतर षष्ठी विभक्ती पुन्हा नाहीशी झाली व आठ दिवस गैरहजर राहिली. अर्जदार “चिंधा भाऊ” म्हणे, तेव्हा त्यास चिंधाचा भाऊ हवा आहे की चिंधास भाऊ म्हटले आहे, हे कोणास कळत नसे. चिंधा मात्र दोन्ही वेळा येई. सूज उतरल्यावर नवव्या दिवशी सकाळी अर्जदार आपणहोऊन म्हणाला, “ही कोणाची चहाची कपबशी?” एका वाक्यात दोन षष्ठी. आपण औषधाची फेरी अर्धी टाकून धावत आलात. त्या दिवशी वॉर्डात पेढे कोणी वाटले, हे आपण अद्याप कबूल केलेले नाही.

७. अशा तऱ्हेने अर्जदार डोक्यासह परत गेला. हाडास सुपारीएवढे भोक राहिले असल्याने तेथे आघात होऊ नये, या आपल्या सूचनेप्रमाणे त्याने तांबटाकडून पितळेची उथळ वाटी ठोकून घेऊन ती पगडीत आतून शिवली. तो रुजू होण्यास शाळेत गेला आणि मंडळीचे अध्यक्ष भाईदास शेठ यांनी दाखला वाचला. भाईदास शेठ सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी दाखला तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि ते म्हणाले, “मास्तर, तुमनावर मना भरोसा शे. पन कागदवर काय लिखेल शे ते दखा ना! डोकामा काहीच नही शे, असं डाक्टर लिखस. आते मी डाक्टरपेक्षा शाना का?” त्याच आठवड्यात हुकूम निघाला की, “ज्या इसमाच्या डोक्यात काहीही शिल्लक नसल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला दप्तरी आहे, त्याजकडे सातवी इयत्ता सोपवता येत नाही. पहिलीबाबत विचार करता येईल.” हे शेवटचे वाक्य लिहिणाऱ्याने पहिली इयत्ता कधी शिकवलेली नाही, एवढेच अर्जदार नोंदवतो.

बाजारातील परिस्थिती याहून बिकट आहे. सरकीच्या वखारीतील मापाडी नथ्थू अर्जदार दिसला की गोणीस हात घालून विचारतो, “मास्तर, डोकं रिकामं शे म्हने! तेमा सरकी भरी देऊ का?” अर्जदाराने त्यास एकदा पगडी काढून वाटी दाखवली. तो म्हणाला, “वा! झाकन बी शे!”

८. आता आपल्या कचेरीची उत्तरे. पहिल्या अर्जास उत्तर आले की, नोंदवही बंद झाली आहे. अर्जदाराने लिहिले की, वही बंद झाली असली तरी ती उघडता येते. त्यासाठी आयोडीन लागत नाही. दुसरे उत्तर आले : “मजकुरात भर घालण्यापूर्वी मूळ जागेची आतून फेरतपासणी आवश्यक. तरी अर्जदाराने डोके घेऊन सोमवारी हजर राहावे.” डोके घरी ठेवून येण्याची सोय अर्जदाराकडे नाही, हे बाजूस ठेवू. परंतु एक शब्द आत घालण्यासाठी कवटी पुन्हा उघडण्याची प्रथा कोणत्याही व्याकरणात नाही. त्यावर तिसरे उत्तर आले : “बाणाचे काही शिल्लक नाही असे लिहिल्यास, इतर काय शिल्लक आहे हे नमूद करणे ओघाने येते. सबब अर्जदाराने डोक्यातील शिल्लक बाबींची यादी स्वतःच्या सहीने सादर करावी.” ही मागणी वाचून अर्जदार प्रथम संतापला, मग रात्रभर हसला, आणि सकाळी यादी करावयास बसला. ती सोबत जोडली आहे. ती पूर्ण असल्याचा त्याचा दावा नाही.

ही उत्तरे साहेबांनी पाहिली असतील, यावर अर्जदाराचा विश्वास बसत नाही. ज्या हाताने रेसभर चुकू दिले नाही, तो हात असा मजकूर लिहिणार नाही. दाखला भिंगाखाली तपासला असता असे दिसते की, ‘डोक्यात’ या शब्दानंतर ओळ संपण्यापूर्वी बरोबर तीन अक्षरांची जागा मोकळी असून तीवर रुग्णालयाचा गोल शिक्का उमटवलेला आहे. आपण शब्द सांगितला असणार. कारकुनाने शिक्क्यासाठी जागा राखली असणार. शिक्का सुरेख उमटला आहे.

९. शिवाय दाखला जसा आहे तसा वस्तुस्थितीसही सोडून आहे. अर्जदाराच्या डोक्यात ‘काहीही’ नाही, हे क्षणभर मान्य केले तरी आपण स्वहस्ते घातलेले मांडीचे ठिगळ तेथे आहे. तेव्हा एकतर दाखला खोटा, नाहीतर ठिगळ. ठिगळ खोटे असते तर अर्जदार हा अर्ज लिहिण्यास उरला नसता. (हा मुद्दा अर्जदाराने भाईदास शेठ यांच्यापुढे मांडला होता. “म्हंजे डोकामा निस्ती मांडी शे?” असे त्यांनी विचारल्यामुळे तो पुढे रेटला नाही.)

१०. तरी विनंती अशी की :
(अ) दाखल्यात ‘डोक्यात’ व ‘आता’ या शब्दांच्या मध्ये, शिक्क्यावरूनच, ‘बाणाचे’ हा शब्द घालून त्यापुढे आपली आद्याक्षरे करावीत. हा शब्द अर्जदाराने आपल्या टेबलावर, आपल्या चिमट्याखाली, आपल्याच आज्ञेवरून उच्चारला होता व त्याच शब्दावर टोक बाहेर आले. त्याहून अधिक तपासलेला शब्द मराठी भाषेत दुसरा नसेल.
(आ) ते नियमात बसत नसेल तर बाणाचे टोक, जे अर्जदाराने जपून ठेवले आहे व या अर्जासोबत पाठवले आहे, ते मूळ जागी परत बसवावे आणि ‘डोक्यात काहीतरी आहे’ असा दाखला द्यावा. मंडळीस तेवढे पुरेसे आहे. फक्त त्या वेळी अर्जदारास पुन्हा विभक्ती चालवू द्याव्यात, आणि षष्ठी आली की साहेबांनी पूर्वीसारखेच थांबावे.

शिक्षकाकडून आजवर जे काढून घेण्यात आले त्याची त्याने कधी मागणी केली नाही. ही एक विभक्ती मात्र त्याची स्वतःची आहे, आणि ती त्यास एकदा आपणच परत दिली होती.

आपला उपकृत, आज्ञाधारक व डोक्यासह हजर,
पुरुषोत्तम हरी निफाडकर
दोंडाईचे, ता. ३ जानेवारी १९३८

सोबत :
१) दाखल्याची अस्सल प्रत.
२) बाणाचे टोक, तपकिरीच्या डबीत. (धार कायम आहे, डबी चिंधाने उघडू नये.)
३) डोक्यातील शिल्लक बाबींची यादी : विभक्ती आठ, सर्व हजर. वृत्ते बेचाळीस, पैकी शार्दूलविक्रीडित पाण्याने धुतल्यापासून किंचित सैल. पाढे तिसापर्यंत, एकोणतिसाचा कच्चा, पण तो बाणापूर्वीपासून. सातवीच्या अकरा मुलांची नावे व प्रत्येकाची ठरलेली चूक. गुंताबाईच्या मुठी. ‘बठा’ हा शब्द, अर्थासह. हा बाणाबरोबर आत आला असून पुढेमागे तपासणी झाल्यास काढण्यात येऊ नये.
४) ‘बाणाचे’ हा शब्द, तीन अक्षरांच्या मापाने, वेगळ्या चिठ्ठीवर सुवाच्य लिहून. मागे डिंक लावला आहे.

ता. क. : हा अर्ज टपालाने न पाठवता खाज्याच्या हाती पाठवत आहे. “डोकं मी फोडं, आते कागद बी मीच नीट करी आनसू,” असे म्हणून तो स्वतःहून निघाला आहे. धनुष्य त्याने घरी ठेवले आहे, असे तो म्हणतो. तरी तो दारातून “बठा!” म्हणाला, तर साहेबांनी विशेष्य न विचारता बसावे.